शत्रूला सगळं ठाऊक होतं, लपवलं ते आईपासून

मागच्या महिन्यात आमच्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग होता. विषय होता 'वृत्तपत्रं आणि सत्ता'. बोलता बोलता पहिल्या महायुद्धातल्या सेन्सॉरशिपचा मुद्दा निघाला, तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा पटकन म्हणाला, "ताई, युद्धात एवढं तर करावंच लागतं ना? सगळं खरं छापलं तर शत्रूला कळेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वर्ग संपायची वेळ झाली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

हा मुलगा हुशार आहे, चळवळीतला आहे, एक जानेवारीला न चुकता भीमा कोरेगावला जातो. आपल्या वस्तीबद्दल, आपल्या मोर्चांबद्दल पेपर काय छापतात आणि काय गाळतात, हे त्याला तोंडपाठ आहे. टीव्हीवरच्या बातम्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. पण 'युद्ध' हा शब्द आला की त्याची सगळी चिकित्सक बुद्धी सावधान स्थितीत उभी राहते. आणि हे त्या एकट्याचं नाही, आपल्यातल्या बहुतेकांचं आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शंभर मीटरवरचा शत्रू

१९१४ च्या अखेरीला फ्रान्स आणि बेल्जियममध्ये दोन्ही सैन्यं जमिनीत शिरली. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर खंदकांची रांग तयार झाली. मध्ये काटेरी तारा, तोफगोळ्यांचे खड्डे, चिखल आणि उचलायला कोणी न आलेली प्रेतं. कित्येक ठिकाणी शत्रूचा खंदक शंभर मीटरच्या आत होता.

१ जुलै १९१६ ला सोम नदीच्या परिसरात ब्रिटिशांनी मोठा हल्ला केला. त्याआधी आठवडाभर पंधरा लाखांच्या आसपास तोफगोळे टाकले होते. आता समोर फारसं कोणी उरलं नसेल, असं सेनापतींचं गणित होतं. सकाळी साडेसातला शिट्ट्या वाजल्या आणि पोरं खंदकातून वर आली. बऱ्याच ठिकाणी समोरच्या तारा तशाच होत्या आणि जमिनीखाली खोल लपलेले जर्मन मशीनगनवाले वर येऊन बसले होते. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मेलेले.

आता मला सांगा, हे जर्मनांना ठाऊक नव्हतं? गोळ्या त्यांनीच झाडल्या होत्या, प्रेतं त्यांच्याच तारांवर लटकत होती. ठाऊक नव्हतं ते इंग्लंडमधल्या लोकांना. त्यांच्या पेपरांत हल्ला छान चालल्याच्या बातम्या आल्या.

लँकेशायरमध्ये ॲक्रिंग्टन नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. एका गावचे, एका गिरणीतले दोस्त एकत्र भरती झाले तर एकत्रच लढतील, असं आश्वासन देऊन त्या काळी पलटणी उभ्या केल्या होत्या. ॲक्रिंग्टनच्या पलटणीतले सुमारे सातशे जण त्या सकाळी पुढे गेले. अर्ध्या तासात त्यातले ५८४ मृत, जखमी किंवा बेपत्ता होते. गावाला हे सरकारने सांगितलं नाही. जखमी पोरांची पत्रं घरोघर यायला लागली, तेव्हा गल्ल्यांना कळलं.

तोफा कुठे आहेत, हल्ला कधी होणार, कोणती बोट कधी निघणार, हे गुप्त ठेवावं लागतं. यावर माझं भांडण नाही. पण हल्ला झाल्यावर किती मेले आणि कोणाच्या चुकीने मेले, हे लपवल्याने शत्रूचं काय नुकसान होतं? काहीच नाही. फायदा होतो तो चूक करणाऱ्याचा. हे माझं अनुमान नाही. डिसेंबर १९१७ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉइड जॉर्ज 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्याशी खासगीत बोलले आणि स्कॉटनी ते डायरीत लिहून ठेवलं. बोलण्याचा आशय असा, की लोकांना खरोखर कळलं तर हे युद्ध उद्या थांबेल. पण त्यांना माहीत नाही आणि माहीत होऊही शकत नाही. म्हणजे भीती जर्मनांची नव्हती. भीती होती ॲक्रिंग्टनच्या आयांची.

खोटं बनवायचा कारखाना

हे खोटं आपोआप पसरलं नाही. ब्रिटन ४ ऑगस्ट १९१४ ला युद्धात उतरलं आणि चार दिवसांत, ८ ऑगस्टला, राज्याच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्याखालच्या नियमांनी सरकारला नको ते बोलणं आणि छापणं गुन्हा ठरवता येऊ लागलं. सुरुवातीचे कित्येक महिने आघाडीवर पत्रकारांना बंदीच होती, लष्कराचाच एक अधिकारी बातम्या लिहून द्यायचा. १९१५ मध्ये मोजक्या पाच-सहा बातमीदारांना परवाना मिळाला. त्यांना लष्करी गणवेश, लष्करी गाडी, सोबत लष्करी अधिकारी, आणि लिहिलेलं सगळं आधी सेन्सॉरकडे. त्यांतले फिलिप गिब्ज आणि विल्यम बीच थॉमस यांना १९२० मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. पुढे बीच थॉमसनेच आठवणींत कबूल केलं, की सोमबद्दल आपण जे लिहिलं त्याची आपल्याला अत्यंत लाज वाटते. लाज वाटली खरी, पण तोवर माणसं पुरली गेली होती.

सप्टेंबर १९१४ मध्ये लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली प्रचाराचं गुप्त कार्यालय सुरू झालं. त्यांनी देशातले नामवंत लेखक बोलावले. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल होते, एच. जी. वेल्स होते. कार्यालयाची पुस्तकं नेहमीच्या प्रकाशकांच्या नावाने निघायची, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हे लेखकाचं स्वतःचं मत आहे. १९१८ मध्ये तर पडदाही उरला नाही. 'डेली एक्स्प्रेस'चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक थेट माहितीमंत्री झाले, आणि 'टाइम्स' व 'डेली मेल'चे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ शत्रुदेशांतल्या प्रचाराचे प्रमुख. पेपरचा मालक आणि सरकार यांच्यात रेघ उरली नाही की काय होतं, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, सगळंच काही लपवलं नव्हतं. बरोबर आहे. ऑगस्ट १९१६ मध्ये सोमच्या लढाईवरचा चित्रपट सरकारच्याच परवानगीने लंडनमध्ये लागला. सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. त्यात जखमी होते, प्रेतंही होती. लोक रडले. पण सैनिक खंदकातून वर चढतात आणि गोळी लागून कोसळतात, तो सगळ्यात गाजलेला प्रसंग आघाडीमागे मुद्दाम घडवून चित्रित केलेला होता. प्रचार असाच चालतो. तो दुःख दाखवतो, अगदी भरपूर दाखवतो. फक्त या दुःखाला जबाबदार कोण, हा प्रश्न पडद्यावर येऊ देत नाही. ज्याने प्रश्न न विचारता नुसती प्रेतं दाखवली त्यालाही त्रास झालाच. चित्रकार नेव्हिन्सनने तारांपाशी पालथे पडलेले दोन मेलेले ब्रिटिश शिपाई रंगवले. त्या चित्रावर बंदी आली, तेव्हा १९१८ च्या प्रदर्शनात त्याने ते तपकिरी कागदाची पट्टी चिकटवून टांगलं. पट्टीवर शब्द लिहिला होता, 'सेन्सॉर्ड'.

आणि शिपायाचं काय? त्याला घरी पाठवायला एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर तयार वाक्यं होती. मी ठीक आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. तब्येत सुधारत आहे. तुमचं पत्र मिळालं. लागू नसेल ते वाक्य खोडायचं, खाली सही आणि तारीख टाकायची. एक शब्द जरी जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी सूचना वरतीच छापलेली. त्या कार्डावर 'मला भीती वाटते' हे वाक्य नव्हतं. 'माझा दोस्त काल मेला' हेही नव्हतं. पत्र लिहिलं तर ते त्याच्याच पलटणीतला अधिकारी उघडून वाचायचा. अधिकाऱ्याचं स्वतःचं पत्र मात्र सहसा त्याच्या शब्दावर सोडलं जायचं. साहेबाच्या शब्दावर विश्वास आणि शिपायाच्या शब्दावर पहारा. समाजशास्त्राच्या वर्गात 'वर्ग' ही संकल्पना शिकायला मला दोन वर्षं लागली. ती या एका नियमात पूर्ण मावते.

काळी मिरी आणि एका कबरीची गोष्ट

या खंदकांत आपल्या उपखंडातलेही लोक होते. युद्धभरात सुमारे १ लाख ३८ हजार भारतीय सैनिक फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेले. त्यांच्या पत्रांसाठी वेगळं सेन्सॉर खातं होतं. कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी आणि त्याची माणसं हजारो पत्रं चाळून उतारे काढत आणि अहवाल पाठवत. पत्रं रोखण्याइतकंच त्यांचं दुसरं काम होतं, शिपायांच्या मनात काय चाललंय त्यावर नजर ठेवणं. 'भावाला भरती होऊ देऊ नका' असं लिहिणं धोक्याचं होतं. मग शिपायांनी वाट काढली. हिंदी सैनिकांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरी' म्हणून, कोणती मिरी किती संपली ते गावी कळवायला लागले. सेन्सॉरला हे समजलं, ही गोष्ट वेगळी. पण लिहिता न येणाऱ्या, दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणाऱ्या माणसांनीही खरं सांगायची धडपड सोडली नाही, हे विसरू नका.

जखमी हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या जुन्या राजवाड्यात इस्पितळ उघडलं. झुंबरांखाली खाटा टाकलेले फोटो काढून जगभर फिरवले. धर्म आणि जात पाहून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं ठेवली होती, आणि साम्राज्य हे अभिमानाने सांगत होतं. बघा, आम्ही तुमची जात किती जपतो! आपल्यासाठी ही ओळ थांबून वाचण्यासारखी आहे. साम्राज्याच्या प्रचारात जातिव्यवस्था हा कलंक नव्हता, तो सरकारच्या उदारपणाचा पुरावा होता. आणि त्याच ब्रायटनमधल्या किचनर इस्पितळात जखमी बाहेर जाऊ नयेत म्हणून पहारा आणि काटेरी तार होती. तिचा फोटो कोणी फिरवला नाही.

नऊ स्वयंपाकघरांच्या या औदार्यात न बसलेला एक माणूस इंग्लंडच्या मातीत आहे. त्याचं नाव सुखा. बरेलीचा, सफाईचं काम करणारा. हॅम्पशायरमधल्या ब्रॉकनहर्स्ट गावी हिंदी जखमींचं लेडी हार्डिंज इस्पितळ होतं, तिथे तो राबत होता. १२ जानेवारी १९१५ ला तो वारला, वय तीस. असं सांगतात, की तो अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचं दहन करायला नकार दिला, आणि मुसलमानांच्या दफनभूमीतही त्याला जागा मिळाली नाही. शेवटी गावच्या पाद्र्याने सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तो दगड आजही आहे. हा माणूस ख्रिस्ती नव्हता, पण इतरांसाठी त्याने जीव दिला, असा मजकूर त्यावर कोरलेला आहे. युद्धाच्या पोस्टरवर 'सगळे एक' असतात. सुखाच्या प्रेताला ते एक होणं भेटलं नाही.

खोट्याचं बिल कोणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. युद्ध संपलं की प्रचार संपत नाही. त्याचं बिल येतं, आणि ते सहसा सगळ्यात दुबळ्याच्या दारात येतं.

जर्मनीत पाहा. तिथेही सेन्सॉर होता, तिथेही जनतेला शेवटपर्यंत विजयाच्याच बातम्या होत्या. २९ सप्टेंबर १९१८ ला सरसेनापतींनी स्वतः सरकारला सांगितलं, की तहाची बोलणी ताबडतोब सुरू करा. सहा आठवड्यांत शस्त्रसंधी झाली. काल जिंकत होतो, आज हरलो कसे? लोकांना उत्तर हवं होतं. नोव्हेंबर १९१९ मध्ये फील्ड मार्शल हिंडेनबुर्गने संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की सैन्यावर पाठीमागून वार झाला. कोणी केला? समाजवाद्यांनी. ज्यूंनी. हरलेल्या सेनापतींनी आपली हार अल्पसंख्याकांच्या गळ्यात बांधली, आणि लोकांना ते पटलं, कारण चार वर्षं त्यांना खरं सांगितलंच नव्हतं.

या ज्यूंनी काय केलं होतं? सुमारे एक लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, बारा हजारांच्या आसपास मेले. तरी ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्धखात्याने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी मोजणी केली, कारण ते आघाडी टाळतात अशी कुजबुज पसरवली गेली होती. मोजणी झाली, पण निकाल युद्धभर जाहीर केला नाही. कुजबुज तशीच राहिली, किंबहुना सरकारी शिक्का लागून मोठी झाली. खंदकात मरणाऱ्याकडे निष्ठेचा पुरावा मागायचा, आणि पुरावा हाती आला की तो कपाटात बंद करायचा! ही तऱ्हा आपल्याला ओळखीची वाटत नसेल तर आपण इतिहास नीट वाचलेला नाही.

ब्रिटिशांचं खोटंही वाया गेलं नाही. जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढायचे कारखाने चालवतात, अशी बातमी एप्रिल १९१७ मध्ये पेपरांनी उठवली. १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारला संसदेत ती गुंडाळावी लागली. परिणाम काय झाला? दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या खऱ्या कत्तलींच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा अनेकांना वाटलं, पुन्हा तसल्याच थापा. आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराचं तोंडभर कौतुक ज्याने आपल्या पुस्तकात केलं, त्या माणसाचं नाव ॲडॉल्फ हिटलर.

आपण कोणाच्या शब्दांत बोलतो?

मग आपल्या मुलांचा प्रश्न येतो: आम्ही तर लढवय्ये आहोत, आम्हाला शौर्याचा अभिमान नको का?

अभिमान जरूर हवा. पण तो कोणाच्या भाषेत, हे तपासा. 'लढवय्या जमात' हा शब्द आपला नाही, तो इंग्रजांच्या भरतीखात्याचा आहे. याच शब्दाच्या जोरावर १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. कोरेगावला लढलेले लोक कागदावर एकाएकी बिनलढवय्ये झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी केला. दाद मिळाली नाही. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली. म्हणजे चार वर्षांपुरते आपण पुन्हा लढवय्ये होतो!

वलंगकर आणि कांबळे यांनी काय मागितलं होतं? समान नागरिक म्हणून नोकरीचा आणि शस्त्राचा हक्क. कोणाच्या तरी युद्धात मरायची संधी हा त्यांच्या मागणीचा गाभा नव्हता. या दोन गोष्टींत रील बनवणारे आज गल्लत करतात.

बाबासाहेब स्वतः त्या काळात कुठे होते? १९१६ च्या ऑक्टोबरपासून लंडनमध्ये, म्हणजे सोमची लढाई चालू असताना. १९१७ च्या उन्हाळ्यात ते परतले आणि त्यांचं सामान, पुस्तकं ज्या बोटीवर होती ती बुडवली गेली. १९१८ मध्ये त्यांनी लेख लिहिला तो बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर. हा रसेल कोण? युद्धाला विरोध करणाऱ्या पत्रकासाठी त्याच संरक्षण कायद्याखाली शंभर पौंड दंड झालेला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने काढून टाकलेला, आणि १९१८ मध्ये तुरुंगात गेलेला माणूस. बाबासाहेबांनी त्याला डोळे झाकून मान डोलावली नाही. पण युद्धविरोध म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. ऊर्जा म्हणून वापरलेलं बळ वेगळं आणि हिंसा म्हणून वापरलेलं बळ वेगळं, हा भेद त्यांनी ड्यूईच्या आधारे केला. तेच बाबासाहेब १९४१ मध्ये महार रेजिमेंटसाठी आग्रह धरतात. यात विसंगती नाही. नाझीवादाविरुद्ध लढावं लागेल हे त्यांना कळत होतं, आणि लढणाऱ्याला तोंड असलं पाहिजे हेही. म्हणून तर १९२० मध्ये त्यांनी पहिलं पाऊल उचललं ते 'मूकनायक' काढण्याचं.

कोकणात, साताऱ्याकडे कित्येक गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीवर एक छोटी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण अर्पण केले. बस. नाव नाही, कुठे मेला ते नाही, कशासाठी ते नाही. कोरेगावचा स्तंभही कंपनी सरकारनेच आपल्या विजयासाठी उभारला. पण त्यावर नावं आहेत, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले तेव्हापासून त्या दगडाला आपण आपला अर्थ दिला. सरकारी दगड सरकारी डोळ्यांनी न वाचणं, हीच आपली परंपरा आहे.

त्या मुलाला पुढच्या रविवारी मी हेच सांगणार आहे. सीमेवर जायची वेळ आली तर आपली पोरं आजवर गेली, पुढेही जातील. निष्ठेची परीक्षा घेणाऱ्यांनी आमच्या घरी येऊ नये. पण कोणी म्हणालं, की आत्ता प्रश्न विचारू नका, तर आधी पाहा की तो स्वतः कुठे उभा आहे. तो खंदकात आहे की स्टुडिओत? त्याचं पत्र कोणी उघडून वाचणार आहे का? आणि युद्ध संपल्यावर हिशेब मांडला जाईल, तेव्हा दोषी म्हणून नाव कोणाचं लिहिलं जाईल, त्याचं की आपलं?

ही उत्तरं मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहा.

जय भीम!